बटणपट्टीवरच्या खुणा

चिंतामणींच्या सगळ्या चांगल्या शर्टांना एकाच जागी बारीक खुणा होत्या. वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मधे, बटणपट्टीच्या कडेला, धागे थोडे दबलेले आणि एकमेकांपासून किंचित सरकलेले. छिद्रं म्हणावीत इतक्या त्या मोठ्या नव्हत्या. कापड उजेडाकडे धरलं तरच दिसायच्या. कॉलरमाईकच्या क्लिपला आतून दात असतात, त्या दातांच्या या खुणा. नीरजानं त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा तिला वाटलं होतं, कसर लागली. पण कसर अशी प्रत्येक शर्टाला एकाच उंचीवर लागत नाही. आज निळ्या शर्टाच्या पट्टीवर तिनं पाण्याचा हात लावला, इस्त्री टेकवली, वाफ उठली आणि धागे फुगून आले. खुणा जवळजवळ बुजल्या. बरेच महिने हा शर्ट कोणासमोर घातला गेला नव्हता. कापडाला सवड मिळाली की ते स्वतःला भरून काढतं. तिनं बोटाच्या टोकानं ती जागा चाचपून पाहिली. जरासा खडबडीतपणा अजून होता, आणि तो आहे म्हणून तिला बरं वाटलं.

शुक्रवार होता. मागच्या गल्लीतले यंत्रमाग सुट्टीमुळे बंद होते. भिवंडीत जन्म काढलेल्या माणसाला मागांचा आवाज ऐकू येत नाही. तो थांबला की ऐकू येतो. शुक्रवारी सकाळी घरात अशी एक मोकळी जागा तयार व्हायची, जिच्यात घड्याळ, नळ, शेजारच्यांचा कुकर हे सगळं जरा जास्तच स्पष्ट वाजायचं. त्या मोकळ्या जागेत फोन वाजला.

"मॅडम, मी मृणाली, चॅनेलवरून. सर आहेत ना घरी?" पलीकडे रस्त्याचा गोंगाट होता. "बाजारपेठेच्या मागे एक बिल्डिंग आहे. खाली लूम, वर तीन मजले. सकाळी खालचा पिलर तडकला. आज माग बंद ना, म्हणून आवाज सगळ्यांनी ऐकला. नाहीतर कळलंच नसतं कोणाला. माणसं रस्त्यावर आहेत सगळी. मी येते सरांकडे, चालेल?"

"कोणाला लागलं का?"

"नाही, नाही. लागलं नाही कोणाला."

"ये मग."

कोणाला लागलं का, हे आपण आधी विचारलं, याचा तिनं फोन ठेवल्यावर आधार घेऊन पाहिला. पण तो आधार टिकला नाही. कारण त्याच्याही आधी, मृणालीचा आवाज ऐकताक्षणी, छातीत काहीतरी चटकन उठून उभं राहिलं होतं. ती आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवत आली होती. ज्याचं मापन करता येत नाही त्याला घाईनं नाव द्यायचं नाही, ही तिची सवय होती. पण याला नाव देण्यासाठी मोजमापाची गरज नव्हती. तो आनंद होता. कोणाच्या तरी घराखालचा खांब तडकला होता, बायाबापड्या भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या, आणि त्यामुळे आज तिचा नवरा बोलणार होता. तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

चिंतामणी खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसले होते. सकाळी चहाचा कप पुढे आला तेव्हा त्यांनी कपाकडे बोट करून म्हटलं होतं, "ते... ते वरचं." तिनं साय काढली. त्यांनी मान हलवली. तिनं साखर घातली. ते नाही. बशी झाकून पाहिली, खिडकीचा पडदा ओढला, पंखा कमी केला. "ते गं, वरचं," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत ती ओळखीची लाज आली, वर्गात गणित अडलेल्या हुशार मुलाच्या डोळ्यांत येते तशी. मग त्यांनी चहा पिऊन टाकला. काय वर होतं ते तिला कळलं नाही. अशा न कळलेल्या गोष्टी दिवसभर घरात साचत जायच्या. संध्याकाळपर्यंत वाटायचं की घरात एक तिसरं माणूस आहे, आणि ते माणूस काय मागतंय ते फक्त यांना माहीत आहे.

हे तेच चिंतामणी टिपणीस, जे विद्यापीठात मुलांना इमारतींची हाडं शिकवायचे. चीर पाहून तिचं नाव सांगायचे. फार वर्षांपूर्वी शहरात एक इमारत कोसळली आणि कोणीतरी वार्ताहर त्यांचं नाव घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला दारातच उभं केलं होतं. पाहिल्याशिवाय बोलणार नाही, म्हणाले. "सर, तोवर बुलेटिन संपेल." "संपू दे. इमारत कुठे जात नाहीये." "सर, ती गेलीच आहे," असं तो पोरगा म्हणाला, आणि चिंतामणी हसले होते, आणि चपला घालून त्याच्याबरोबर गेले होते. संध्याकाळी परत आले ते भुवयांवर धूळ घेऊन. ढिगाऱ्याशेजारच्या इमारतीचे खांब बोटाच्या पेरांनी ठोकून ठोकून त्यांची पेरं सोलली होती. रात्री बातम्यांत तासाभराच्या बोलण्यातली जेमतेम दोन वाक्यं दिसली, तीही मधेच तोडलेली. ते रागावले नाहीत. जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाले, "दोष माझा आहे. मी लांब बोललो. त्यांच्याकडे जागा कमी असते, तर मी त्या जागेत मावेल असं बोललं पाहिजे." आणि मग दोघं मिळून वाक्यं करायला बसले. आमटी निवत होती. "'शिअर' म्हणू नका," ती म्हणाली, "कोणाला कळणार?" "मग काय म्हणू?" "तिरकी चीर म्हणा." "बरोबर नाही ते पूर्णपणे." "पण खोटंही नाही." त्यांनी थोडा विचार केला आणि मानलं. ती पहिली वाक्यं अशी झाली, आणि पुढची सगळी. इमारत एका दिवसात पडत नाही. ती आधी सांगते. दार अडकायला लागतं, खिडकीची काच आपोआप तडकते, खांबाला तिरकी चीर जाते. आपण ऐकत नाही. 'ती आधी सांगते' यानंतर जरा थांबा, हेही तिनंच सांगितलेलं. त्यांचा मुलगा केदार तेव्हा शाळेत होता. तो टेबलाखालून चमच्याचा माईक करून धरायचा आणि म्हणायचा, "सर, जनतेला काय आवाहन कराल?" चिंतामणी गंभीरपणे सांगायचे, "जनतेनं आधी दूध संपवावं."

ठाण्याच्या डॉक्टरांनी या आजाराची गोष्ट सावकाश समजावून दिली होती. तरुण होते, हातातलं पेन सारखं उघडझाप करत होते. नावं आधी जातात, म्हणाले, मग बाकीचं. विचार बराच काळ राहतो, पण त्याला बाहेर यायला दार राहत नाही. पुढे पुढे तोही राहत नाही. "पाठ झालेलं मात्र खूप उशिरापर्यंत टिकतं. पाढे, आरत्या. शिव्या तर शेवटपर्यंत." "यांना शिव्या येत नाहीत," ती म्हणाली होती. "मग आरत्या राहतील." "त्याही येत नाहीत." आणि ती आणि डॉक्टर दोघं हसले होते, आणि चिंतामणीही हसले होते, सगळ्यांत जास्त वेळ. परत येताना रिक्षात तिला राहून राहून वाटत होतं की यांच्याजवळ पाठ असं काहीच नाही. आपण यांना एखादं स्तोत्र तरी शिकवायला हवं होतं.

आणि मग वडप्याला एका गोदामाचं छप्पर बसलं. वार्ताहर आले. तिला नाही म्हणायचं होतं. ती दारापर्यंत तेच वाक्य तोंडात धरून गेली होती. पण दार उघडलं तर चिंतामणी मागे येऊन उभे, शर्टाचं वरचं बटण लावत. ते खुर्चीत बसले, कोणीतरी माईक लावला, क्लिपचे दात कापडात रुतले, आणि त्यांची पाठ सरळ झाली. प्रश्न आला. आणि चिंतामणी बोलायला लागले. अडखळले नाहीत. नाव विसरले नाहीत. कैची, तुळई, जोड, गंज, भार. सगळी नावं आपापल्या जागी, आणि ती थांबण्याची जागासुद्धा. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तोंडावर पदर दाबून उभी राहिली. तिला वाटलं, डॉक्टर चुकले. माणसं गेली आणि तिनं विचारलं, "पाणी देऊ?" ते म्हणाले, "ते... ते दे." डॉक्टर चुकले नव्हते. यांच्याजवळ पाठ झालेलं काही नाही असं तिला वाटलं होतं, तेवढंच चुकलं होतं. पाढे आणि आरत्यांच्या जागी ही वाक्यं होती, टेबलाशी बसून दोघांनी केलेली. आता या घरात तिचा नवरा पूर्ण वाक्यात बोलायचा तो फक्त छातीशी क्लिप लागल्यावर, आणि क्लिप लागायची फक्त कुठेतरी काहीतरी पडल्यावर.

त्यानंतर तिनं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की सरांचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, तुम्हीच फोटो घेऊन या. पाहिल्याशिवाय बोलणार नाही म्हणणारा माणूस फोटोवर बोलायला लागला, आणि कोणाला त्यात काही वाटलं नाही, कारण तो जे बोलायचा ते प्रत्येक इमारतीबद्दल खरंच होतं. केदार पुण्याहून फोनवर म्हणाला होता, "आई, लोक ते ऐकतात गं. बंद कर आता." "चुकीचं बोलत नाहीत ते." "आत्तापर्यंत." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "पुढच्या वेळी सांगते त्यांना." पुढची वेळ आली की ती त्याच्याही पुढच्या वेळेकडे पाहायची. आणि कोणी येत नसे तेव्हाचे लांबलचक महिने सोसवेनात, तेव्हा एका संध्याकाळी तिनं दोरीवरचा कपड्याचा चिमटा काढून आणला. हिरवा, प्लॅस्टिकचा. तो यांच्या बटणपट्टीला लावला, समोर खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, "सर, इमारती का पडतात?" त्यांनी चिमट्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, त्यांना कळलंय, आणि आता ते दुखावतील. मग त्यांची पाठ सरळ झाली. "इमारत एका दिवसात पडत नाही," ते म्हणाले. मागच्या गल्लीत माग चालू होते आणि त्या आवाजावरून ते आपला आवाज उचलून बोलत होते, वर्गात उचलायचे तसा. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिला राहवलं नाही. तिनं विचारलं, "सर, आपल्या पत्नीबद्दल काय सांगाल?" चिंतामणी म्हणाले, "प्रथमदर्शनी देखभालीचा अभाव दिसतो. जबाबदारी निश्चित झाली पाहिजे." ती इतकी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. तेही हसले. मग ती उठली, चिमटा काढला, परत दोरीला लावला, आणि अंधार पडेपर्यंत गॅलरीत कपडे नसलेल्या दोरीपाशी उभी राहिली.

आता ती यांना निळा शर्ट घालत होती. बाही चढवताना चिंतामणींनी हात बरोबर पुढे केला. शर्ट त्यांना समजत असे. "मृणाली येतेय," तिनं सांगितलं, "दापोड्याची. माझी विद्यार्थिनी. तुम्हाला विचारायला येतेय." "हो हो," ते म्हणाले. हो हो हे अजून होतं.

मृणाली आली ती चपला न काढता आधी आत डोकावली आणि मग मागे जाऊन काढून आली. अकरावीत होती तेव्हाही ती अशीच होती, उत्तर आधी आणि हात नंतर. तिच्या वडिलांनी, दौलत पाटलांनी, जमीन गोदामांना दिली होती आणि पोरीनं गोदामाच्या ऑफिसात बसावं अशी त्यांची इच्छा होती, ती न बसता बातम्यांत गेली, तेव्हा त्यांनी कॉलेजात येऊन नीरजाला ऐकवलं होतं, "मॅडम, तुमी शिकवलीत ना, मंग तुमीच समजवा." मृणालीच्या मागून कॅमेरा घेऊन पंढरी आला आणि त्याच्याही मागून एक म्हातारी, नऊवारीचा ओचा हातात धरलेली, धुळीनं पाय पांढरे झालेली.

"ही माझी आत्या, मॅडम. गुणाबाई. त्याच बिल्डिंगीत राहते, दुसऱ्या माळ्यावर. तिला नको म्हणत होते मी, पण ऐकतं कोण."

"कशाला आयकू?" गुणाबाई भिंतीशी खालीच टेकली. नीरजानं खुर्ची पुढे केली तर तिनं हातानंच नको म्हटलं. "सकालपासना जो येतो तो सांगतो, थांबा. म्युनसिपालटीचा सायब म्हनं उद्या येल. मालक बोलतो, काय न्हाय झाला, चला वर. पोलीस बोलतो, वर न्हाय जायाचा. मी बोलली, टिवीवाला मास्तर हाय ना गावातच, त्याला इचारते. मास्तर बोलला का मंग मी कोनाचा आयकत न्हाय." तिनं चिंतामणींना हात जोडले. "माजा मानूस रस्त्यावर हाय ना, मास्तर. राघो. अर्धा आंग गेलेला. खुर्चीसकट चौघांनी उतरवला त्याला. उनात बसलाय. त्याला ना बोलता येत, ना उठता येत. मला त्याला कनच्या घरात ठेवू?"

चिंतामणी तिच्याकडे पाहून हसले. किती छान हसतात, असं सगळे म्हणायचे तसं.

"मॅडम, पंखा बंद करू का?" पंढरी म्हणाला. "सरांचा आवाज खणखणीत आहे, पण हा मधे मधे बोलतो." त्यानं पंखा बंद केला, खिडकीचा पडदा सरकवला, आणि सरांच्या छातीशी वाकला. क्लिप उघडली. दात कापडात बसले. नीरजा उंबऱ्यात होती, आणि तिच्या स्वतःच्या छातीच्या मधोमध काहीतरी बसल्यासारखं तिला झालं. चिंतामणींची पाठ सरळ झाली.

मृणालीनं मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "सर, हा तो पिलर." त्यांनी फोन हातात घेतला, नीट पाहिला, मान हलवली, परत दिला. "मला बघू," नीरजा म्हणाली. हे ती कधी करत नसे. फोटोत खांबाच्या मधोमध काँक्रीट फुगून सुटलं होतं. आतली सळी दिसत होती, आणि ती सरळ नव्हती. ती बाहेरच्या बाजूला वाकली होती, ओझं घेतलेल्या माणसाचा गुडघा वाकावा तशी. तिला एकदम लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. पाडायला काढलेल्या एका गिरणीत चिंतामणी तिला घेऊन गेले होते, नवी बायको नवी साडी नेसून, आणि अशाच एका खांबापुढे त्यांनी तिचा हात घट्ट धरला होता. चीर दिसली तर बघत बसावं, ते म्हणाले होते. सळी वाकलेली दिसली की बघायचं नाही, बाहेर जायचं. आणि तिला ओढत बाहेर आणलं होतं, उन्हात. ते वाक्य त्यांनी कधी टीव्हीवर म्हटलं नव्हतं. ते टेबलाशी बसून केलेल्या वाक्यांतलं नव्हतं. ते फक्त तिला सांगितलं होतं, म्हणून आता ते फक्त तिच्याकडे होतं.

"सर, काय सांगाल?" मृणालीनं विचारलं, आणि दिवा लागला.

"इमारत एका दिवसात पडत नाही," चिंतामणी म्हणाले. "ती आधी सांगते."

ते थांबले. खोलीत मागांचा आवाज नव्हता, पंख्याचा नव्हता. थांबण्याची ती जागा होती, तिनं दाखवलेली, आणि ते तिथे पूर्वीसारखेच थांबले. नीरजाचे ओठ आपोआप हलायला लागले. दार अडकायला लागतं, खिडकीची काच आपोआप तडकते. ती शब्दाला शब्द लावून त्यांच्याबरोबर चालत होती, आवाज न करता. त्यांचा चेहरा उजळला होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते उजवा हात जरासा उघडत, म्हणजे वाक्य समोरच्याच्या हातात ठेवल्यासारखं वाटे. हा माणूस होता. अख्खा होता. असा तो आता पुन्हा किती दिवसांनी भेटेल, असं तिच्या मनात आलं, आणि त्याबरोबर हेही आलं की त्यासाठी कोणाचं तरी घर तडकावं लागेल, आणि ती त्याची वाट पाहील.

"तो समदा बरोबर हाय मास्तर," गुणाबाई मधेच म्हणाली. पंढरीनं हात वर केला तरी ती थांबली नाही. "पन मला येवढाच सांगा. राघोला वर नेव का नको?"

चिंतामणींनी तिच्याकडे मान वळवली. नीरजाला त्यांच्या डोळ्यांत दिसलं की प्रश्न आत गेला आहे आणि आत कुठे टेकायला जागा शोधतोय. हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. कॅमेऱ्यासमोर प्रश्न वार्ताहर विचारतात, आणि ते असे नसतात. सकाळची ती लाज येईल, तिला वाटलं. आता ते म्हणतील, ते, ते वरचं. ते म्हणावं, असं तिला फार मनापासून वाटलं.

"घाबरण्याचं कारण नाही," चिंतामणी म्हणाले. आवाज स्वच्छ होता, धीर देणारा. "ही वरवरची चीर आहे, गिलाव्याची. रहिवाशांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. आपापल्या घरी जावं."

हेही वाक्य तिला माहीत होतं. अंबाडीला एका इमारतीबद्दल अफवा उठली होती तेव्हाचं. तेव्हा ते सकाळी गेले होते ते दिवेलागणीला आले होते, एकेक खांब ठोकून, एकेका घरात जाऊन, गिलावा स्वतःच्या हातानं खरवडून. मग टेबलाशी बसून म्हणाले होते, "आज चांगली बातमी सांगायचीय. तिचं वाक्य आपल्याकडे नाहीच." आणि दोघांनी ते केलं होतं, 'धीर' या एका भावनेसाठी शब्द उलटसुलट करत. आपापल्या घरी जावं, हे तिचं होतं. त्यात ऊब आहे, असं ते म्हणाले होते.

"झाला." गुणाबाई भिंतीला हात टेकत उठली. तिच्या चेहऱ्यावरून सकाळ उतरली. "देवासारका बोललात. चल गो मृणाले, त्या पोरांना सांग, खुर्ची उचला. आदी त्याला पानी पाजते, मंग वर नेते."

"कडक, सर," पंढरी म्हणाला आणि दिवा बंद करायला वळला.

मृणाली हलली नव्हती. ती मोबाईलवरच्या फोटोकडे पाहत होती, मग चिंतामणींकडे. "सर, नक्की ना? आतली सळी दिसतेय म्हणून विचारते."

"जबाबदारी निश्चित झाली पाहिजे," चिंतामणी म्हणाले, आणि हसले.

मृणालीनं वळून नीरजाकडे पाहिलं. वर्गात फळ्यावर चुकून वजाचं चिन्ह राहिलं की ती असंच पाहायची. बोलायची नाही, पाहायची. नीरजाला त्या नजरेखाली आपल्या पायाखालचा उंबरा कळला, त्याची थंडी, त्याची झिजलेली कड. तिला वाटलं, अजून एक मार्ग आहे. मृणालीला बाहेर जिन्यात गाठावं आणि हळूच सांगावं की सर दमलेत, ही बातमी लावू नकोस, आत्याला थांबव. गुडघ्यांसारखं काहीतरी. ते सांगता येईल. मग पुढच्या वेळी. पुढच्या वेळी सगळं नीट सांगता येईल. आणि पुढची वेळ राहील. क्लिप राहील, पाठ सरळ होईल, ते थांबतील त्या जागी आणि तिचे ओठ हलतील. ते नसेल तर काय? चिमटा? चिमट्यानं होणार नाही हे तिला माहीत होतं. ज्या वाक्यांना कोणी ऐकणारं उरत नाही ती एकेक करून गळतात, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं, पेन उघडझाप करत. आधी धीराचं वाक्य जाईल की तिरक्या चिरेचं? कुठलं तरी शेवटचं राहील, आणि ते ऐकताना हे शेवटचं आहे हे कळणार नाही. गुणाबाई दाराशी चपलेत पाय घालत होती. एका पायात चप्पल गेली, दुसरी उलटी पडली होती, ती अंगठ्यानं सुलटी करत होती. खाली कुठेतरी उन्हात एक माणूस खुर्चीवर बसला होता, ज्याला बोलता येत नव्हतं, आणि त्याची बायको त्याला यांच्या शब्दावर वर नेणार होती. यांच्या नव्हे. दोघांच्या. आपापल्या घरी जावं.

ती उंबरा ओलांडून आत आली. चिंतामणींच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पाठ अजून सरळ होती, पुढच्या प्रश्नासाठी. तिनं क्लिप दोन बोटांत धरली आणि दाबली. दात सुटले. कापडावर खूण ताजी होती, खोल. चिंतामणींचा हात तिथे आला, माईक होता त्या जागी, आणि तिच्या बोटांवर थांबला. "ते..." ते म्हणाले. "ते गं."

"गुणाबाई, थांबा," नीरजा म्हणाली. मागे न वळता. "वर जाऊ नका. राघोंना नेऊ नका. सळी वाकलीय. तिथे कोणीच जायचं नाही."

"पन मास्तर तर आताच—"

"त्यांना कळलं नाही तुम्ही काय विचारलंत." तिचा आवाज तिला ओळखू आला, वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. चिंतामणींची बोटं तिच्या बोटांवर तशीच होती आणि ती त्यांच्याकडेच पाहत बोलत होती, कारण हे त्यांच्या पाठीमागे बोलण्याची गोष्ट नव्हती. "मृणाली, हे दाखवू नकोस. पुसून टाक. यांचं बोलणं गेलंय. कधीच गेलंय. हे जे ऐकतेस ते पाठ आहे, जुनं. मी सांगितलं नाही कोणाला." मग तिनं माईक पंढरीच्या हातात दिला, यांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं, आणि म्हणाली, "यापुढे सरांना कोणी काही विचारू नका."